कैलासाच्या दारात बंद नळ

मी नळ विकतो. हे अगोदरच सांगून टाकतो, कारण ही हकीकत ऐकल्यावर लोक सगळ्यात पहिला प्रश्न हाच विचारतात, "म्हणजे तुमचंच ना ते नळाचं दुकान?" हो, माझंच. लातुरात, गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत. नळ, पाईप, व्हॉल्व्ह आणि सगळ्या मापाच्या टाक्या. ज्या गावाला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणून पाजावं लागलं, त्या गावात टाकी विकणाऱ्याला काय मान असतो, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. लग्नात मला डॉक्टरांच्या ओळीत बसवतात. आणि मला स्वतःला गळका नळ मुळीच सहन होत नाही. कुणाच्या घरी चहाला गेलो आणि आत कुठं टपटप ऐकू आली, की माझं बोलण्यात लक्ष राहत नाही. पाहुणा असून मी उठतो, मोरीत जातो, वायसर बघतो. माझी बायको शिवकन्या म्हणते की मुलगी बघायला गेलो तेव्हासुद्धा मी पोहे तसेच ठेवून त्यांच्या न्हाणीत गेलो होतो. गेलो होतो. नळ गळत होता.

तर बेत एवढाच होता की हिवाळ्यात लेकरांना बर्फ दाखवायचा. लेकरं दोन. सुकन्या तिसरीत आणि बसवंत बालवाडीत. बसवंत हे माझ्या वडिलांचं नाव. त्यामुळं माझी आई, दानम्मा, नातवाला नावानं हाक मारत नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? ती त्याला 'मालक' म्हणते आणि वर अहो-जाहो करते. "मालक, नाक पुसा." "मालक, आधी चड्डी घाला." नवीन माणूस घरी आला की त्याला पाच मिनिटं काही उमजत नाही.

ठिणगी टाकली शिवकन्याच्या बहिणीनं. तिनं फोनवर फोटो धाडला. मधे बर्फाचा माणूस आणि दोन्ही बाजूंना तिची लेकरं. शिवकन्यानं तो मला जेवताना दाखवला, झोपताना दाखवला, आणि सकाळी दुकानाच्या किल्ल्या हातात देताना म्हणाली, "आवं, त्यांची लेकरं बर्फाचा माणूस करायल्यात, आन् आपली फ्रीज खरवडून खायल्यात." मी त्याच दिवशी फोनवर नकाशा काढला.

अडचण आईची होती. आम्ही लिंगायत. आईच्या गळ्यात चांदीची छोटी डबी असते, तिच्यात तिचं इष्टलिंग. सकाळी आंघोळ, मग लिंग डाव्या तळहातावर घेऊन पाणी, भस्म, बेल, पूजा, आणि मगच पाण्याचा पहिला घोट. पूजेआधी घोट नाही आणि आंघोळीशिवाय पूजा नाही. लग्न होऊन आली तेव्हापासूनचा हा नेम. टँकरच्या दिवसांत निम्मं गाव आंघोळीला दांडी मारत होतं, तेव्हा आई एका तांब्यात आंघोळ करायची, पण करायची. या नेमापायी ती कुठं मुक्कामाला जात नाही. "तिथं पाणी कसं असंल, न्हाणी कशी असंल, नको रे बाबा." उदगीरच्या पुढं तिला नेणं मला कधी जमलं नाही.

त्या दिवशी मी फोनमध्ये नकाशा बघत शिवकन्याला सांगत होतो, हिमाचलात कल्पा म्हणून गाव आहे, तिथं बर्फ पडतो, समोर किन्नर कैलास दिसतो. आई शेंगा फोडत होती. तिचे हात थांबले.

"काय दिसतो म्हणलास?"

"कैलास."

"दिसतो म्हंजे? आपल्या डोळ्यानं?"

"घराच्या ओट्यावरून."

आईनं शेंगांची पाटी बाजूला सारली. "मला त्याच्यापुढं बसून एकदा लिंगपूजा करायची हाय," ती म्हणाली. "एकदाच. मग मला कुठंच नेऊ नको. आंघोळीला पाणी तेवढं मिळंल का बघ."

आईनं माझ्याकडं आजवर काही मागितलं नव्हतं. साडी आणली तर "कशाला आणलीस" म्हणून भांडते. मला एकदम भरून आलं, आणि भरून आलं की मी जरा मोठ्यानं बोलतो. म्हणलं, "आई, पाण्याचं तू मला सांगायलीस?" हेच वाक्य पुढं माझ्या गळ्याशी आलं.

बातमी गल्लीत पसरली. शेजारचे पंचाक्षरी गुरुजी पूर्वी एकदा केदारनाथला जाऊन आलेत, तेव्हापासून आख्ख्या हिमालयाचा मामला त्यांच्याकडं आहे. ते सकाळी पेपर मागायला आले आणि पेपर न मागता बसले. "खरा कैलास तिबेटात, उमाशंकर. हा किन्नर म्हंजे नुसती शाखा. हेड ऑफिस न्हवं."

आई आतून म्हणाली, "आपलं खातं शाखेतच असतंय की, गुरुजी."

गुरुजींनी शाखेचा विषय सोडला, पण सल्ला थांबला नाही. खिशात लसूण ठेवा. कापूर हुंगा. घाटात पोटावर वर्तमानपत्र बांधा, उलटी होत नाही. ब्रँडी न्या, प्यायला न्हवं, लेकरांच्या छातीला चोळायला. हे शेवटचं सांगताना गुरुजींनी आवाज खाली केला आणि किती चोळायची ते फार बारकाईनं सांगितलं. समोरच्या कस्तुराबाईंनी सासऱ्यांचा निजामाच्या वेळचा ओव्हरकोट काढून दिला. त्याच्या डांबरगोळ्यांच्या वासानं आमच्या घरातली पाल दुसऱ्या दिवशी गुरुजींकडं राहायला गेली. लातुरात थंडी म्हणजे सकाळी शटर उघडताना हात चोळण्यापुरती, तेव्हा एका घरात एकच स्वेटर निघतो. गल्लीतल्या सगळ्यांचे मिळून गाठोडं झालं. बसवंताला एकावर एक तीन चढवून बघितले, तर त्याचे हात खाली येईनात. तो दिवसभर तसाच हात पसरून घरात फिरला.

मग शाळा. सुकन्याच्या रजेसाठी गेलो, तर मोठ्या बाई म्हणाल्या, "कारण?"

"बर्फ बघायला."

"असलं कारण चालत नाही. आजारपण, लग्न किंवा दुःखद घटना, यातलं एक सांगा."

"यातलं एकही नाही, बाई."

"मग लग्न सांगा."

"कुणाचं?"

"ते आम्ही विचारत नाही."

आणि मी खुर्चीवरून उठायच्या आत त्यांनी शेजारी उभ्या सुकन्याला विचारलं, कुणाचं लग्न गं? पोरगी म्हणाली, "शंकराचं. कैलासात." बाईंनी तिच्याकडं बघितलं, माझ्या कपाळावरच्या भस्माकडं बघितलं आणि रजा मंजूर केली.

नांदेडहून गाडीत बसलो ते अंबाल्याला उतरलो. आईनं गाडीतला नेमसुद्धा चुकवला नाही. पहाटे तांब्या घेऊन ती डब्याच्या टोकाला गेली, हलत्या गाडीत कशी काय आंघोळ केली ते तिलाच ठाऊक, आणि बर्थवर मांडी घालून बसली. समोरचा सरदारजी आपला चहाचा कप खाली ठेवून तिची पूजा होईपर्यंत थांबला. मला अभिमान वाटला. मग सरदारजीनं विचारलं की हा डांबरगोळ्यांचा वास कुठून येतोय, आणि मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

अंबाल्याहून मोटार केली. इथून पुढं मी काय बघितलं ते मला नीट सांगता यायचं नाही. आमच्या लातुरात सगळ्यात उंच वस्तू म्हणजे पाण्याची टाकी. जमीन अशी सपाट की गोटी टाकली तर पडेल तिथंच राहते. आणि इथं एका बाजूला डोंगर नुसता वरच चाललाय, दुसऱ्या बाजूला खाली सतलज, आणि मधे आमच्या मोटारीच्या चाकांपुरता रस्ता. काही ठिकाणी तर डोंगर पोखरून रस्ता केलेला, वरून खडक डोक्यावर वाकलेला. सुकन्या उलट्या करत होती आणि दोन उलट्यांच्या मधे "पप्पा, ते बघा, ते बघा" म्हणत होती. पोटावरचं वर्तमानपत्र काही कामाला आलं नाही. मी डोळे मिटून घेतले होते, पण मिटून तरी किती वेळ घेणार? उघडले की समोर पुन्हा तोच डोंगर. एवढं सगळं या पृथ्वीवर होतं आणि मी गंजगोलाईत वायसर विकत बसलो होतो! आई मात्र पहिल्या वळणापासून खिडकीला नाक लावून बसलेली. न उलटी, न चक्कर.

कल्प्याला नेगीजी म्हणून गृहस्थ आहेत, त्यांच्या लाकडी घरात आम्ही खोल्या घेतल्या होत्या. लाल गालांचा, मंद बोलणारा माणूस. त्यांनी आईला नमस्कार केला, ओट्यावर नेलं आणि हात पुढं करून म्हणाले, "माताजी, सामने किन्नर कैलास."

समोर ढग होता. पांढरा, गच्च. आईनं ढगालाच हात जोडले.

दुसऱ्या दिवशीही ढग. तिसऱ्या दिवशीही ढग. पाण्याची सोय मात्र चोख होती. पहिल्याच संध्याकाळी मी दुकानातून आणलेला पाणी तापवायचा भलामोठा रॉड बादलीत सोडला आणि बटण दाबलं, तर नेगीजींचं घर, शेजारचं घर आणि त्याच्या पलीकडचं घर, सगळीकडं अंधार झाला. नेगीजी बॅटरी घेऊन आले, रॉडकडं बघितलं, आणि तो उचलून घेऊन गेले. त्यानंतर त्यांची बायको, भाभीजी, रोज पहाटे बुखारीवर म्हणजे लाकडाच्या शेगडीवर पाणी तापवून देत होत्या. आई आंघोळ करून ओट्यावर पूजेला बसायची आणि उठताना म्हणायची, "आजबी ढगाचीच पूजा झाली बघ." हसत म्हणायची, पण तोंड बारीक झालेलं मला दिसत होतं. लेकरांचंही तसंच. बर्फ म्हणून जो होता तो गटारीच्या कडेला, मळका. बसवंतानं त्याला पायानं ढोसून बघितलं आणि म्हणाला, "हे फ्रीजपेक्षा घाण हाय."

चौथ्या दिवशी आम्हाला सकाळी निघायचं होतं. म्हणजे आईच्या हातात एकच सकाळ उरली होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बर्फ पडायला लागला. हे मी कसं सांगू? आमच्याकडं पाणी येतं ते गाजावाजा करत येतं. टँकर येतो तर भोंगा वाजवतो, नळाला येतं तर आधी हवा खोकते, बायकांची भांडणं होतात. आणि इथं आभाळातून एवढं पाणी उतरत होतं आणि टाचणी पडल्याएवढा आवाज नाही. आम्ही सगळे ओट्यावर तोंड उघडं टाकून उभे. सुकन्यानं जीभ बाहेर काढली. आई पदर पसरून उभी राहिली, पदरावर पडलेलं बघत राहिली आणि कुजबुजली, "गुपचिप येतंय रे. कुणाला सांगायचं न्हाई म्हणून आल्यागत." मलाही मोठ्यानं बोलायची लाज वाटली.

झोपायच्या आधी नेगीजी आले. न्हाणीतला नळ त्यांनी थोडा सोडला. बारीक धार पडायला लागली. "रात को इसे बंद मत करना. चलता पानी नहीं जमता. बंद किया तो पाइप जम जाएगा, फिर धूप तक एक बूँद नहीं."

मी म्हणलं, निर्धास्त राहा, मी याच धंद्यातला आहे.

आणि पांघरुणात शिरलो. तर ती धार. बारीक, पण ऐकू येणारी. मी कूस बदलली. कानावर मंकी कॅप ओढली. मला कळत होतं की नेगीजी बरोबर आहेत. पाणी गोठतं हे मीही शाळेत शिकलोय. पण कळणं वेगळं आणि लातूरचे कान वेगळे. ती धार रात्रभर मोरीत जाणार, मोरीतून दरीत जाणार, आणि मी टाकीवाला उमाशंकर गोधडीत पडून ती ऐकणार? मी मनातल्या मनात घागरी भरायला लागलो. आमच्या गल्लीतली कस्तुराबाई एका घागरीसाठी नळाशी कशी उकिडवी बसायची ते डोळ्यांपुढं आलं. शेवटी उठलो. म्हणलं, बंद नाही करायचा, जरासा कमी करायचा. कमी केला. मग अजून जरासा. मग थेंब थेंब पडायला लागलं, आणि थेंब तर मला धारेपेक्षाही सहन होत नाही. पाच मिनिटांपुरता बंद करू म्हणलं. केला. फार छान झोप लागली.

सकाळी जाग आली ती भाभीजींच्या हाकेनं. खिडकीतून उजेड असा येत होता की डोळे दिपले. आणि नेगीजी न्हाणीत उभे होते. नळ पूर्ण सोडलेला, खाली कोरडी बादली. पाईपवर त्यांनी बोटांनी टकटक केली. भरलेल्या पाईपाचा आवाज मला कळतो. हा पाईप दगड झाला होता.

"किसने बंद किया?" त्यांनी विचारलं. रागावून नाही, नवल वाटून.

मी मान खाली घातली. इज्जतीचा प्रश्न होता. तेवढ्यात शिवकन्या म्हणाली, "मी रात्री उठले तवा बंदच होता, पण मला वाटलं नीट बंद न्हाई, म्हणून मी अजून पिळला."

सुकन्या म्हणाली, "मीपण. शाळेत सांगितलंय, पाणी वाचवा."

बसवंत म्हणाला, "मी खुर्चीवर चढून."

आणि आई पदर सावरत म्हणाली, "सगळ्यात आधी मीच बंद केला हुता. उमा निजायच्या आधी. भाभी पुन्हा सोडून गेली वाटतं."

नेगीजींनी आम्हा पाच जणांकडं आळीपाळीनं बघितलं. रात्रभर उठून उठून एकच नळ बंद करणारं कुटुंब त्यांनी पहिल्यांदाच बघितलं असणार. मग त्यांनी हळूच विचारलं, "भाईसाब, आप सचमुच इसी धंधे में हैं?" मी कोरडी बादली उचलून कोपऱ्यात ठेवली.

"और आज तो," ते म्हणाले आणि खिडकीकडं बोट केलं, "आज खुल गया है."

मी ओट्यावर गेलो. समोर डोंगर उघडा पडला होता. तीन दिवस ढगाखालून दिसणाऱ्या ज्या उताराला आम्ही डोंगर समजत होतो तो त्याचा नुसता पायथा होता. मी मान वर केली, अजून वर केली, तरी संपेना. काळा कातळ, त्याच्यावर पांढरा बर्फ, आणि मागून सूर्य येत होता म्हणून सगळ्या शिखरांच्या कडेला सोन्याची किनार. गुरुजींनी शाखा म्हणलं होतं! ही शाखा असेल तर हेड ऑफिसापुढं माणूस जगतो तरी कसा?

"ज्यादा देर नहीं रहेगा," नेगीजी मागून म्हणाले. खाली दरीतून ढग वर सरकायला लागला होता. "आधा घंटा. शायद उससे भी कम."

मी धावत आत गेलो. "आई, चल लवकर, कैलास उघडलाय!"

आई खिडकीकडं पाठ करून, पदर डोळ्यांवर ओढून बसली होती. "मी पारोशी हाय," ती म्हणाली. "पारोशा अंगानं त्याच्याकडं बघायचं न्हाई. आधी पाणी आण. तूच म्हणला हुतास, पाण्याचं मला सांगू नको."

वीज रात्रीच गेलेली. खालचा झरा बर्फाखाली. शिवकन्यानं बॅगेतून लेकरांचे ओले रुमाल काढले, ते पाकिटात येतात ते, आणि भीत भीत म्हणाली, "आत्याबाई, ह्यानं जरा अंग पुसून..." आईनं पदराआडून तिच्याकडं जे बघितलं, त्यानंतर ते पाकीट पुन्हा दिसलं नाही.

भाभीजींनी बुखारी पेटवली, मोठं पातेलं चढवलं आणि सांगितलं, बर्फ आणा. मग आमची धावाधाव. मी बादली, शिवकन्या परात, सुकन्या टोपली, बसवंत दोन मुठी. बाहेर जायचं, भरायचं, पातेल्यात ओतायचं. आख्खी बादली रिकामी केली की खाली तांब्याभर पाणी. मी कधी इतका लबाड माल बघितला नव्हता. सुकन्या म्हणाली, "पप्पा, बर्फाचा माणूस कधी?" मी ओरडलो, "आधी आजीची आंघोळ!" बसवंताला पटलं. "आजीची आंघोळ, आजीची आंघोळ" म्हणत तो मुठी भरून न्यायचा, आणि वाटेत एक मूठ खायचा. नेगीजीही फावडं घेऊन आले. शेजारचे दोघं आले. कुणाला काही विचारायची गरज पडली नाही, म्हातारीला कैलासासमोर बसायचंय एवढं सगळ्यांना कळलं होतं. मी दर खेपेला दरीकडं बघत होतो. ढग वर येत होता. पातेल्यात बोटभर पाणी चढायचं आणि तिकडं ढग एक डोंगर गिळायचा. देवा, अजून थोडं थांब, असं मी मोठ्यानं म्हणलो, आणि कुणी हसलं नाही.

शेवटी बादली भरली. वाफा निघत होत्या. ढग आता मधल्या कड्यापर्यंत आला होता. मी दोन्ही हातांनी बादली उचलली, न्हाणीकडं वळलो, आणि बाहेर धप्पकन आवाज झाला. बसवंत ओट्यावरून खाली पडला होता. ताज्या बर्फात गळ्यापर्यंत. तीन स्वेटर, दोन्ही हात आडवे, उठता येईना. त्यानं जो टाहो फोडला तो लातूरला ऐकू गेला असेल.

"आगाई! मालक पडले!"

आई माझ्याआधी बाहेर गेली. पदर मागं लोळतोय, पायात नुसते मोजे. ओट्यावरून उतरली, बर्फात गुडघाभर शिरली, नातवाला दोन्ही काखांत धरून उपसून काढलं आणि मान वर केली.

आणि तशीच राहिली.

कैलास तिच्यासमोर होता. मध्ये काहीच नव्हतं. मला वाटलं तिला चक्कर येतेय. मी बादली घेऊन पायरीपर्यंत गेलो. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मग आला. "येवढा?" ती म्हणाली. "येवढा हाय व्हय रे तू?" ती माझ्याशी बोलत नव्हती.

भाभीजींनी पायरीवर कांबळं टाकलं. आई बसली. नातू मांडीला चिकटलेला. तिचा हात आपोआप गळ्यातल्या डबीकडं गेला, डबी उघडली, लिंग डाव्या तळहातावर आलं, आणि तिथं हात थांबला. तिला आठवलं. तिनं स्वतःच्या अंगाकडं बघितलं, माझ्या हातातल्या वाफाळत्या बादलीकडं बघितलं, समोर ढगाकडं बघितलं. आंघोळीला गेली तर परत येईपर्यंत कैलास राहणार नव्हता. न जावं तर जन्माचा नेम मोडत होता. माझ्या आईला मी आयुष्यात कधी घाबरलेलं बघितलं नाही. तेव्हा बघितलं.

"आई, दोन मिनिटांत होईल," मी म्हणलं. खोटं होतं ते. तिनं मान हलवली, धड हो नाही, धड नाहीही नाही.

बसवंताच्या मुठीत पडताना धरलेला बर्फ तसाच होता. सकाळपासून त्याला एकच काम दिलेलं, आजीच्या आंघोळीला बर्फ न्यायचा. त्यानं नाक वर ओढलं, मूठ पुढं केली आणि आजीच्या तळहातावर, त्या लिंगावर, सगळा बर्फ थापला.

"हे घे आजी. पाणी."

शिवकन्या "अरे!" म्हणून पुढं धावली. आईनं दुसरा हात वर करून तिला थांबवलं.

तळहातावर काळं लिंग आणि त्याच्यावर पांढरा बर्फ. समोर काळा कातळ आणि त्याच्यावर पांढरा बर्फ. आईनं हाताकडं बघितलं, समोर बघितलं, पुन्हा हाताकडं बघितलं. आम्हीही सगळ्यांनी बघितलं. नेगीजींनी डोक्यावरची टोपी काढली. ओट्यावर एक माणूस हलला नाही, लेकरंसुद्धा नाहीत.

बर्फ वितळायला लागला. पाणी आईच्या मनगटावरून ओघळलं, कोपरापर्यंत गेलं, पोलक्याच्या बाहीत शिरलं. ती शहारली, पण हात तिनं हलवला नाही. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. कपाळावर भस्म ओढलं, ओठ हलत राहिले. लिंगावरचा शेवटचा बर्फ विरघळला तेव्हा तळहातात ओंजळभरही नाही, घोटभर पाणी उरलं. ते तिनं आधी नातवाच्या तोंडाला लावलं, मग स्वतः प्यायली.

ढग आला. आधी कडा गेला, मग बर्फ, मग ती सोन्याची किनार. पुन्हा सगळं पांढरं. मी अजून बादली धरूनच उभा होतो. हात भरून आले होते, वाफ तोंडावर येत होती. आईनं डबी बंद केली, पदरानं हात पुसला आणि माझ्याकडं बघितलं.

"उमाशंकर," ती म्हणाली, "ती बादली राहू दे आता. माझी आंघोळ झाली."